माजी सैनिकांसाठी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, तर नागपुरात सुरुवात कुठून करावी?

माझ्या मते डॉक्टरांच्या आधी नोंदणी खिडकीपासून. ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून आहे, पण खासगी रुग्णालयातल्या खिडकीवर बसलेल्या मुलाला तिचे नियम माहीत नसतील, तर म्हातारा हवालदार तिथेच अडतो. एरवी साधारणपणे पॉलिक्लिनिकचं, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याचं, रेफरल (पुढे पाठवल्याची चिठ्ठी) लागतं. जिवावरचं दुखणं असेल तर थेट दाखल होता येतं. पॉलिक्लिनिकला नंतर कळवायचं असतं. एवढं तरी त्या मुलाला तोंडपाठ हवं. रेफरल आणायला रुग्णाला परत पाठवणं कधीकधी जिवावर बेतू शकतं.

कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र, शहरात वायुसेनेचं मेंटेनन्स कमांड. त्यामुळे निवृत्त फौजी आपल्याकडे भरपूर. तरीही ओपीडीत "तुम्ही फौजेत होता का? कुठे, कोणत्या कामावर?" हे क्वचितच विचारलं जातं. तोफखान्यातल्या माणसाला ऐकू कमी येण्याचं कारण वयच असेल असं नाही. सियाचीनला राहिलेल्याच्या बोटांच्या बधिरपणामागे जुना हिमदंश असू शकतो. शिवाय ही माणसं दुखणं कमी करून सांगतात. "ठीक आहे" एवढ्यावर नर्सने थांबू नये; झोप, दचकणं, दारू यांबद्दल हळुवारपणे आणि शक्यतो एकांतात विचारावं. गरज वाटली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक द्यावा. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

शिकवायला मात्र फौजेतला एखादा निवृत्त नर्सिंग असिस्टंट बोलवा. आणि वीरपत्नींना विसरू नका, कागदपत्रांसाठी सगळ्यात जास्त त्यांनाच धावावं लागतं.