तोच आक्षेप, दोन निकाल

प्रश्न : मॅडम, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. इटलीतल्या तुरुंगांबाबत युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे दोन निकाल वाचले. ‘कैद्यांनी आधी देशातच दाद मागायला हवी होती’ हा सरकारचा आक्षेप २०१३ मध्ये फेटाळला गेला आणि २०१४ मध्ये तोच उचलून धरला गेला. तक्रार तीच, सरकारही तेच. मग हे न्यायालय सरकारांना सांभाळून घेतं का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. दोन निकालांच्या मध्ये इटलीत काय बदललं ते पाहा.

तोरेज्जानी प्रकरणाचा निकाल ८ जानेवारी २०१३ चा. बुस्तो आर्सित्सिओ आणि पिआचेंत्सा इथल्या तुरुंगांतले सात कैदी. नऊ चौरस मीटरच्या खोलीत तिघं, म्हणजे माणशी तीन, आणि त्यातच सामान. सरकारचं म्हणणं होतं, शिक्षेच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारा न्यायाधीश आहे, त्याच्याकडे का गेला नाहीत? ऐकायला बिनतोड. पण पिआचेंत्साचा एक जण गेला होता! ऑगस्ट २०१० मध्ये न्यायाधीशाने त्याची तक्रार खरी ठरवली, आदेश तुरुंगाकडे गेला. दोघांच्या खोलीत त्याला हलवलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये. तुरुंगच इतके भरलेले की न्यायाधीशाचा आदेश पाळायला जागाच नव्हती. स्ट्रासबर्गने, म्हणजे तिथे बसणाऱ्या या युरोपीय न्यायालयाने, म्हणूनच आक्षेप फेटाळला. जी दाद कागदावर मिळते आणि कोठडीपर्यंत पोहोचत नाही, ती कैद्याने आधी मागितलीच पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही.

याच निकालात इटलीला परिणामकारक दाद उभी करायला एक वर्षाची मुदत मिळाली. २०१४ मध्ये कायदा बदलला. अजून आत असलेल्या कैद्याला अशा हालातल्या दर दहा दिवसांमागे शिक्षेत एक दिवसाची सूट, सुटलेल्याला दिवसाला ८ युरो. गर्दीही कमी होऊ लागली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये स्तेल्ला प्रकरणात न्यायालय म्हणालं, आता वाट आहे, आधी तिने जा; ती व्यवहारात निकामी ठरली तर आम्ही पुन्हा पाहू. ८ युरोचा आकडा मला आजही खुपतो. न्यायालयाला तो अवाजवी वाटला नाही.

तुम्ही निकाल वाचताना आधी तक्रारदार आत आहे की सुटला आहे हे बघा. सुटलेल्याला भरपाई हीही पुरेशी दाद ठरू शकते. जो आजही त्या खोलीत झोपतो त्याला नुसते पैसे देऊन भागत नाही, हाल थांबवणारा उपाय हवा. नंतर पुराव्याचा भार कोणावर आहे ते बघा. आक्षेप घेणाऱ्या सरकारलाच दाखवावं लागतं की दाद त्या वेळी खरोखर उपलब्ध होती आणि उपयोगी पडत होती. ते दाखवलं की भार तक्रारदाराकडे येतो. अक्दिवार विरुद्ध तुर्कस्तान (१९९६) या निकालात हे नीट मांडलं आहे.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळ्या गोष्टीला आहे, या न्यायालयात तक्रार दाखल करण्याच्या मुदतीला. पूर्वी सहा महिने होते, फेब्रुवारी २०२२ पासून चारच. कोठडीतले हाल चालू असतील तोवर मुदत सुरू होत नाही, ते संपले की होते. आता सुटलेला माणूस देशातल्या एखाद्या कुचकामी अर्जाच्या निकालाची वाट बघत बसला, तर ती वाट बघणं त्याच्यावरच उलटतं : तो अर्ज परिणामकारक दाद नव्हता असं ठरतं आणि तक्रार उशिराची म्हणून फेटाळली जाते. लवकर गेला तर ‘आधी देशात जा’, थांबला तर ‘उशीर झाला’. वकील नसलेल्या, कारावासातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाने हे कसं ओळखायचं? तुमच्या प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घ्या, आणि दाद उपयोगी पडते हे दाखवायला सरकारने देशातले किती निकाल पुढे ठेवले ते प्रत्येक खटल्यात मोजा.