बाळ सारखं दूध टाकतंय, अंगावर पाजणं थांबवू का?

"पाजून झालं की दहा मिनिटांत गुळणी. दिवसातून आठ-दहा वेळा. माझं दूध याला पचत नाही असं घरी सगळे म्हणतात. वरचं दूध सुरू करू का?" सहा आठवड्यांच्या बाळाची आई हे विचारत होती, तेव्हाही तिच्या खांद्यावरचं दुपटं ओलं होतं.

आधी वजन पाहिलं. जन्माचं ३.१ किलो, चौथ्या दिवशी २.९, आता ४.३. म्हणजे ३८ दिवसांत १४०० ग्रॅम, रोजचे साधारण ३७. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ पुरेशी धरतात. शिवाय दिवसाला सात-आठ लंगोट ओले होत होते. दूध पोटात ठरतच नसतं, तर हे आकडे आले नसते. मग एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी कोरड्या दुपट्यावर ओतून दाखवलं. डाग तळहाताएवढा पसरला. "एवढंच?" असं म्हणून ती पहिल्यांदा जरा सैल झाली.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली स्नायूंची झडप तान्ह्या बाळात मध्येच सैल पडते. आहार सगळा पातळ आणि बाळ बहुतेक वेळ आडवं, त्यामुळे दूध वर येतं. हे चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, बाळ बसू लागलं की कमी होतं आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. आईचं दूध डब्याच्या दुधापेक्षा जठरातून लवकर पुढे सरकतं. म्हणून गुळण्यांसाठी अंगावरचं तोडण्यात काही हशील नाही.

तरीही आठ-दहा वेळा का, हे पाजताना पाहिल्यावर कळलं. आई पुढे वाकून बसलेली, बाळ मांडीवर आडवं. मिनिटभर चोखल्यावर पान्हा फुटला आणि बाळ घटाघट गिळू लागलं, मग ठसका, अंग ताठ, तोंड बाजूला. सुटलेल्या स्तनातून दुधाची चिळकांडी उडाली, दुसरीकडूनही दूध ठिबकत होतं. दुधाला खोट नव्हती, त्याचा जोर बाळाला झेपत नव्हता. घाईत गिळताना हवाही पोटात जात होती आणि ती वर येताना दूध घेऊन येत होती.

मग बसण्याची पद्धत बदलली. पाठीमागे उशा लावून आईला रेलून बसवलं, बाळाला तिच्या अंगावर पालथं घेतलं, पोटाला पोट आणि डोकं ढुंगणापेक्षा वर. आता दूध चढावर ओढावं लागतं, त्यामुळे वेग आपोआप कमी होतो. तरी ठसका लागला तर बाळाला सोडवायचं, पहिला जोर कापडात जाऊ द्यायचा आणि मिनिटभराने परत लावायचं. बाळ स्वतःहून थांबलं की ढेकर काढायची, मध्येच ओढून नाही. दोन तासांच्या आत पुन्हा मागितलं तर तीच बाजू द्यायची. दुसरी बाजू दडस झाली तर बरं वाटेपुरतंच हाताने काढायचं, रिकामी करायची नाही, नाहीतर दूध आणखी वाढतं. एकच बाजू देण्याची ही युक्ती दूध जास्त आणि वजन चांगलं असेल तेव्हाच करावी. एरवी तिने दूध आटतं.

पाजल्यावर २० ते ३० मिनिटं खांद्यावर उभं धरायचं. खुर्चीवजा सीटमध्ये ठेवू नये, तिथे बाळाची घडी होते आणि पोट दाबलं जातं. लंगोट पाजण्याआधी बदलावा आणि सैल बांधावा. पाय उचलून पोटाकडे नेण्यापेक्षा बाळाला कुशीवर वळवावं.

गादीखाली घातलेली उशी मात्र तेवढ्यात काढायला लावली. झोपवायचं ते उताणंच, सपाट आणि घट्ट गादीवर. उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच परततं. पालथं झोपवलं की हे उलटं होतं.

कुणाच्या तरी सांगण्यावरून आईने स्वतःचं दूध-दही बंद केलं होतं. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा चिकट आव नव्हती, अंगावर चट्टे नव्हते, म्हणून ते पुन्हा सुरू करायला सांगितलं. आईने घेतलेलं दूध-दही बाळाला सोसत नाही अशी खरी शंका असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन ते चार आठवडे बंद करून पुन्हा घेऊन पाहावं लागतं. त्याशिवाय कारण तेच होतं की नाही हे ठरत नाही. आम्ल कमी करणारे थेंबही तिने विचारले. त्यांनी आम्ल कमी होतं, गुळण्या थांबत नाहीत. छान वाढणाऱ्या, हसऱ्या बाळाला त्यांची गरज नसते.

काही लक्षणं मात्र घरी थांबून पाहण्याची नाहीत. उलटी हिरवी असेल, तिच्यात रक्त किंवा तपकिरी कण असतील, पोट फुगून टणक झालं असेल, बाळ मलूल असेल, श्वास थांबत किंवा ओठ निळे पडत असतील, किंवा तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं. दोन ते आठ आठवड्यांच्या वयात प्रत्येक पाजण्यानंतर उलटी जोरात लांब उडते, बाळ लगेच पुन्हा भुकेलं होतं आणि लघवी घटते, तेव्हा जठराचं आतड्याकडे उघडणारं तोंड अरुंद झाल्याची शंका घ्यावी. तेव्हाही त्याच दिवशी दाखवावं. वजन थबकलं किंवा बाळ रडून स्तन नाकारू लागलं, तरी तपासणी हवी.

या बाळाचं वजन आठ दिवसांनी ४.५४ किलो भरलं. गुळण्या चार-पाचवर आल्या, ठसका गेला. चौथ्या महिन्यात त्या थोड्या वाढल्या तरी घाबरू नका, हे आईला आधीच सांगून ठेवलं आहे. पुढचं वजन दोन आठवड्यांनी.