धोतऱ्याच्या बिया खाल्ल्यावर एलएसडीसारखीच नशा होते का?

तुम्ही विचारलंय, 'धोतरा देवाला वाहतात, म्हणजे एलएसडीपेक्षा बरा ना?' अहो, वाहतात ते महादेवाला. हलाहल पचवणाऱ्याचं आपल्याला कसं पचेल?

मी कोल्हापुरात कॅज्युअल्टीला नर्स होते. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पंचगंगा घाटावरनं एका कॉलेजच्या पोराला मित्रांनी रिक्षात घालून आणलं. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. पाणी मागायचा, घोट गिळवत नव्हता. डोळ्यांत बॅटरी मारली तरी बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या. चादरीतले नसलेले दोरे एकेक करून उपटत होता. मधेच कोपऱ्याकडं बघून, "आज्जी, च्या ठेव की!" आज्जी वारून चार वर्षं झालेली. आई म्हणाली, लागीर झालंय. पोट टम्म फुगलेलं; लघवी तुंबलेली. कॅथेटरची नळी घातली तर पिशवी बघता बघता भरली.

उलटीत बिया दिसल्या. मित्र म्हणतात, "मिरचीच्या हायत सिस्टर, तांबडा रस्सा झालाय काल." महाशिवरात्रीला रस्सा! मिरचीची बी पिवळसर, गुळगुळीत असते. धोतऱ्याची तपकिरी, खाचखळग्यांची. मग कबूल झाले.

धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन शरीरातल्या अ‍ॅसिटिलकोलीनचं, म्हणजे नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं. घाम, लाळ, लघवी, स्मरण सगळं त्यावर चालतं, म्हणून सगळंच एकदम बिघडतं. एलएसडी सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या वाटेनं जातं. भिंत हलताना दिसते, पण ती औषधानं हलतेय हे बहुतेकांना कळत असतं. एलएसडी बनवणाऱ्या हॉफमन या स्विस रसायनतज्ज्ञानं १९४३ साली बाझेलमध्ये ते स्वतः घेऊन सायकलवरनं घर गाठलं आणि काय काय भोगलं ते नंतर लिहून काढलं. धोतरा खाल्लेला काय लिहिणार? त्याला आज्जी खरीच असते आणि नंतर बहुतेक काही आठवत नाही. म्हणून एलएसडी बरं असं नाही हं. घबराट, संशय, नाजूक मनाच्या माणसाला कायमचा धक्का, शिवाय १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं गुन्हा.

धोतऱ्यात विष किती, हे झाडागणिक, बोंडागणिक बदलतं. मागल्या वेळी काही झालं नाही, याला अर्थ नाही. कुणी खाल्लंच तर मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा, उरलेलं बोंड सोबत आणा आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

पोरगं तिसऱ्या दिवशी भानावर आलं. जवळचं अजून दिसत नव्हतं. मोबाईल हातभर लांब धरून मला म्हणतंय, "सिस्टर, आईचा मेसेज आलाय, तेवढा वाचून दाखवा की."