थोमाला कोणी बाहेर काढलं नाही

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. आजीला मूठमाती देऊन आल्यापासून रात्री झोप लागत नाही, आणि उपासनेत विश्वासांगीकार, आपल्या श्रद्धेची ती कबुली, म्हणताना येशू तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला ही ओळ आली की जीभ अडते, असं तू लिहिलंयस. यंदा ईस्टरला क्वायरमध्ये उभं राहायचं नाही, हेही ठरवून टाकलंयस, कारण मनात शंका असताना ‘तो उठला आहे’ असं गाणं तुला ढोंग वाटतं. तू हे कुणापाशी तरी बोललास, आणि माझ्यापाशी बोललास, याचं फार बरं वाटलं. उत्तर जरा लांबेल, सवडीने वाच.

आधी मला सांग, पहिल्या ईस्टरच्या दिवशी खंबीर विश्वासाचं असं कोण होतं? चारही शुभवर्तमानं, येशूची चारही चरित्रं, उघडून बघ, फार तर एखादा माणूस सापडेल. मार्कात स्त्रिया कबरीपासून थरथरत पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातली बायबलची जी दोन मोठी हस्तलिखितं आज आपल्याकडे आहेत, त्यांत मार्काचं शुभवर्तमान नेमकं तिथेच, त्या भीतीपाशी संपतं. लूकात स्त्रियांनी येऊन सांगितलं तर प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, ती वायफळ बडबड वाटली. मरीया मग्दालीयेने रिकामी कबर पाहिली, तेव्हा तिच्या मनात पुनरुत्थान आलंसुद्धा नाही. कुणीतरी प्रभूचं शरीर उचलून नेलं, एवढंच तिला सुचलं, आणि प्रत्यक्ष प्रभू समोर उभा असता तिला तो माळी वाटला.

अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे तर मला फार जवळचे वाटतात. यरुशलेमेपासून अकराएक किलोमीटरची वाट. कबर रिकामी असल्याची बातमी त्यांच्या कानावर आलेली आहे, आणि तरी ते यरुशलेमेकडे पाठ करून चालले आहेत. सोबत चालणाऱ्या अनोळखी माणसाला ते सांगतात, आम्हाला आशा होती की इस्राएलाची सुटका करणारा हाच. आशा होती! आता नाही. आणि हे ते कुणाला सांगत होते, तर त्यालाच. त्याने त्यांना थांबवून परत फिरवलं नाही. ते जिकडे निघाले होते तिकडेच तो त्यांच्याबरोबर चालत राहिला, संध्याकाळ होईपर्यंत.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातलं सतरावं वचन आपल्याकडे उपदेशात फारसं कुणी घेत नाही. गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्यांनी प्रभूला पाहिलं, नमन केलं, पण काहींना संशय वाटला. प्रत्यक्ष पाहूनही! तिथे त्याने संशय वाटणाऱ्यांना वेगळं उभं केलं नाही. सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, ही आज्ञा त्याने त्या सगळ्यांना मिळून दिली. ज्यांनी हे लिहून ठेवलं त्यांना मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, थोर पुढाऱ्यांचा हा कमीपणा झाकता आला असता. त्यांनी झाकला नाही, आणि माझा या ग्रंथावर भरवसा आहे त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता त्या रविवारच्या संध्याकाळकडे ये. योहानाच्या विसाव्या अध्यायात शिष्य दारं लावून बसलेत. भीती खरीच होती. ज्यांनी गुरूला क्रूसावर चढवलं ते त्याच गावात होते. आणि मला वाटतं त्या खोलीत दुसरीही एक भीती असणार. पेत्राने तीन वेळा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं होतं. बाकीचे अटकेच्या रात्री पळाले होते. तो खरंच जिवंत असेल आणि समोर आला तर काय म्हणेल? असा प्रश्न ज्याच्या मनात आहे, त्याला रिकाम्या कबरीच्या बातमीने आनंद होण्याआधी धडकीच भरेल.

आणि तो आला. दार वाजवलं नाही, जाब विचारला नाही, पळालात का असं एका शब्दाने म्हटलं नाही. त्याचा पहिला शब्द होता, तुम्हांस शांती असो. मग त्याने त्यांना आपले हात आणि कूस दाखवली.

इथे मी थोडी थांबते, कारण जखमांशी माझा जन्मभर संबंध आला आहे. ड्रेसिंगच्या ट्रॉलीबरोबर वॉर्डातून फिरताना जखम कशी भरते ते मी रोज पाहिलं. आधी ती लाल आणि ओली असते. मग कडा जवळ येतात, खपली धरते, खपली गळाली की खाली गुलाबी नाजूक कातडी दिसते. पुढे तिचा रंग बदलतो, पण वण काही जात नाही. टाके काढायच्या दिवशी बायका हमखास विचारायच्या, सिस्टर, डाग राहील का हो? आणि उत्तर ऐकून पदर पुढे ओढून घ्यायच्या. वण कुणालाच आवडत नाही, कारण कधीतरी आपलं अंग फाटलं होतं हे तो सांगत राहतो.

ज्या देवाने मेलेलं शरीर उठवलं त्याला ते वण पुसणं जड नव्हतं. त्याने ते ठेवले. उठलेल्या प्रभूच्या नव्या, मरण पुन्हा शिवणार नाही अशा शरीरावर खिळ्यांच्या खुणा आहेत, आणि शिष्यांना ओळख पटावी म्हणून त्याने त्याच पुढे केल्या. म्हणून बाळा, तुला मरणाचं भय वाटतं तेव्हा तू ज्याच्याशी बोलतोस, तो मरणाला वळसा घालून गेलेला नाही. तो त्यातून गेला आहे. भ्यालेल्या माणसाला नुसतं ‘भिऊ नको’ म्हणून चालत नाही. नाइट ड्यूटीत मी ते किती जणांना म्हटलं असेल आणि किती थोड्यांना त्याचा उपयोग झाला ते मला माहीत आहे. पण खिळ्यांच्या खुणा दाखवून म्हटलेली शांती वेगळी असते.

त्या संध्याकाळी शिष्यांपैकी थोमा तिथे नव्हता. त्याच्यावर आपण फार अन्याय करतो. ‘संशयी थोमा’ हे नाव त्याला असं चिकटलंय की येशूचा मित्र लाजर मेल्यावर यहूदियात परत जाणं जिवावरचं होतं, तेव्हा ‘चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ असं म्हणणारा हाच होता, हे कुणाच्या लक्षातही नसतं. त्याने जे मागितलं ते बाकीच्या दहांना आधीच मिळालेलं होतं. त्यांनी खुणा पाहिल्या होत्या. तो म्हणाला, मीही पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

त्यानंतरच्या आठ दिवसांबद्दल योहान काही लिहीत नाही. पण आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता, एवढं लिहितो. या एका ओळीवर मी फार विचार केला आहे. दहा जण म्हणतायत ‘आम्ही प्रभूला पाहिलं’, आणि अकरावा म्हणतोय ‘मला पटत नाही’, आणि तरी आठवडाभर ते एकत्र राहिले. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. तोही रुसून गेला नाही. आज एखाद्या तरुणाने तरुण संघात उभं राहून थोमासारखं बोलून दाखवलं, तर आपण त्याला आठ दिवस सांभाळू का, याची मला खात्री नाही, आणि याचं मला दुःख आहे.

मग प्रभू आला, आणि थोमाशी थोमाच्याच शब्दांत बोलला: बोट इकडे कर, हात कुशीत घाल. थोमा ते बोलला तेव्हा प्रभू दिसत नव्हता, पण ऐकत होता. थोमाने खरोखर हात लावला का? योहान तसं सांगत नाही. तो सांगतो थोमाचं उत्तर: माझा प्रभू आणि माझा देव. सबंध शुभवर्तमानात येशूबद्दल इतका मोठा शब्द दुसऱ्या कुठल्या शिष्याच्या तोंडी नाही, आणि तो निघाला ज्याला संशयी म्हणून आपण बाजूला सारतो त्याच्या तोंडून. केरळच्या जुन्या मंडळ्यांची परंपरा सांगते की हाच थोमा इसवी सन 52 मध्ये त्यांच्या किनाऱ्यावर उतरला, आणि आजच्या चेन्नईतल्या मैलापूरला त्याने देह ठेवला.

तुझ्या शंकेचं दुसरं अंग बुद्धीचं आहे, हे सगळं पुढे रचलेलं तर नसेल? हा प्रश्न पाप नाही. मंडळीच्या पहिल्या काळातला पुढारी पौल तर तो स्वतःच टोकाला नेतो: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे. त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र इसवी सन 55 च्या आसपासचं, म्हणजे क्रूसानंतर जेमतेम पंचवीस वर्षांचं. त्याच्या पंधराव्या अध्यायात उठलेला प्रभू ज्यांना दिसला त्यांची यादी पौल देतो: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे शंका असेल तर जाऊन विचारा. मग याकोबाचं नाव येतं. हा प्रभूचा भाऊ. येशू गावोगाव शिकवत होता तेव्हा त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं योहानच सांगतो. तोच याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला, आणि सन 62 च्या सुमारास त्याला दगडमार झाली, हे योसेफस या यहूदी इतिहासकाराने नोंदवलं आहे. सख्ख्या भावाला देवाने मेलेल्यांतून उठवलं, हे मान्य करायला घरच्या माणसाला काय लागलं असेल? एवढ्याने तुझा विश्वास बसेल असं मी म्हणत नाही. पण आपण डोळे मिटून उडी टाकलेली नाही, एवढं ध्यानात ठेव.

आजीबद्दल. मातीला आलेल्या शेजाऱ्यांनी तुला सांगितलं की आत्मा अमर आहे, देह म्हणजे नुसतं वस्त्र. ते त्यांनी मायेने सांगितलं, मायेनेच घे. पण मंडळीची आशा याहून वेगळी आहे, आणि तुला ती नीट कळावी असं मला मनापासून वाटतं. उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. भुताला हाडंमांस नसतं, मला चाचपून पाहा, असं तो म्हणाला. सरोवराच्या काठी त्याने विस्तव पेटवून न्याहारी तयार ठेवली, आणि जो पेत्र कोळशाच्या शेगडीपाशी शेकत असताना त्याला नाकारून बसला होता, त्याला तिथे कोळशाच्याच विस्तवाशी तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? देव देह टाकून देत नाही. वाताने वाकडी झालेली आजीची बोटं, ज्यांनी तुला भाकरीचे घास भरवले, ती देवाच्या लेखी फेकायची वस्तू नव्हती. ख्रिस्त हा प्रथमफळ आहे, असं पौल म्हणतो. शेतातली पहिली कापणी देवापुढे आणली की उरलेलं पीक येणार हे ठरलेलं असतं. त्या पिकात आजी आहे.

आणि रडायला लाजू नकोस. लाजराला आपण थोड्याच वेळात उठवणार, हे ठाऊक असून येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला.

आपल्या मराठी मंडळीत पंडिता रमाबाईंइतकं मोठं नाव क्वचितच घेतलं जातं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला. त्यानंतर त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टरांना पत्रांतून असे प्रश्न विचारले की त्या बिचाऱ्या हवालदिल झाल्या. कुणी सांगितलं म्हणून मानायचं, हे रमाबाईंना जमत नव्हतं. पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी बरीच वर्षं लागली. मधल्या काळात त्यांनी हातावर हात ठेवून वाट पाहिली नाही. विधवांसाठी शारदा सदन 1889 मध्ये सुरू केलं. नंतर केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम त्या अखेरपर्यंत करत होत्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. ज्या बाईने नवरा, भाऊ, मुलगी, सगळ्यांना निरोप दिला, तिची पुनरुत्थानाची आशा कुणी हसण्यावारी नेऊ नये.

आता कामाचं. रात्री झोप न लागणं याला अविश्वास म्हणत बसू नकोस. पंधरवड्याहून जास्त दिवस असं चाललं असेल तर डॉक्टरांना दाखव, लाज धरू नको. रात्री एकट्याने मोबाइलवर पुनरुत्थानाच्या बाजूचे आणि विरुद्धचे वादविवाद ऐकणं बंद कर; ते दिवसा ऐक, आणि कुणाबरोबर तरी ऐक. तुझ्या रूममेटला ठाऊक नाही तू ख्रिस्ती आहेस, असं मागे म्हणाला होतास. ते कधी सांगायचं ते तूच ठरव. दार लावून बसलेल्यांकडेही प्रभू आला होता, तेव्हा त्यासाठी घाबरून जाऊ नकोस. प्रभुभोजन चुकवू नकोस. प्रार्थनेला शब्द नसतील तर मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाचे घे, ज्याचा मुलगा आजारी होता: माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. त्या अर्ध्यामुर्ध्या प्रार्थनेवर त्याचा मुलगा बरा झाला.

आणि क्वायर सोडू नकोस. गाणं सगळ्या मंडळीचं आहे. तुझ्या एकट्याच्या खात्रीवर ते उभं नाही. ज्या ओळीला तुझा आवाज बसेल ती ओळ शेजारचा म्हणेल. उद्या त्याचा बसेल तेव्हा तू म्हण. टेनरच्या आवाजाला यंदा तसेही दोघेच आहेत.

योहानाचा विसावा आणि एकविसावा अध्याय सावकाश वाच, एका बैठकीत नको. जे पटणार नाही तिथे पेन्सिलने खूण कर आणि मला लिहून पाठव. पाळकसाहेबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांच्याशी बोलावंसं वाटलं तर तूच बोल. ते रागावणार नाहीत. सुट्टीचं रिझर्व्हेशन झालं की कळव.

तुझी,
मावशी