ट्रेलर बघूनच घाम का फुटतो?

प्रश्न : भाऊ, जळगावला थेटरात थ्रिलरचा ट्रेलर लागला, कळलं काहीच नाही पण छातीत धडधड सुरू, हे करतात कसं? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : अहो, न कळणं हेच तर खरं काम करतं! ट्रेलर प्रश्न टाकतो नि उत्तर दाबून ठेवतो, आधी एकेक शॉट बराच वेळ चालतो, मग कटिंग, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी, फास्ट होत जातं, आवाज चढतो आणि एकदम सगळं शांत, तिथेच आपण खुर्ची घट्ट धरतो. आवाज बंद करून बघा, निम्मी भीती जाते. १९६० च्या 'सायको' या सिनेमाचा ट्रेलर ६ मिनिटांहून मोठा, दिग्दर्शक हिचकॉक स्वतः आपल्याला सेटवर फिरवतो, खुनाचं सांगता सांगता वाक्य अर्धवट सोडतो, शेवटी बाथरूमचा पडदा ओढतो नि किंकाळी! हल्ली काही ट्रेलर अर्धी गोष्टच सांगून टाकतात, मला ते अजिबात पटत नाही.