‘आमच्या घरात तर कुणी गेलं नाही, मग मला काय झालंय?’

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, लिहू की नको करत दोन पावसाळे गेले. चिपळूण माझं सासर, बाजारपेठेच्या मागच्या आळीत घर. २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा मी आणि सासूबाई दोघीच घरात, मिस्टर पुण्याला. पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या २००५ ला पण आलं होतं, खिडकीखाली थांबलं, आताही थांबेल. म्हणून आम्ही गाद्या आणि मिक्सर वर ठेवत बसलो. ते थांबलं नाही. त्यांना कसंबसं पोटमाळ्यावर चढवलं, गुडघ्यांचा त्रास आहे त्यांना, लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही, दुसऱ्या दिवशी होडी येईपर्यंत तिथेच. रात्री शेजारच्या घरातून कुणीतरी हाका मारत होतं आणि मग हाका थांबल्या. ते लोक वाचले हे नंतर कळलं, पत्र्यावर चढले होते. पण मला त्या थांबलेल्या हाका अजून ऐकू येतात.

आता आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथे पाणी येणार नाही हे मला कळतं हो. तरी जोराचा पाऊस लागला की रात्री दोन-तीनदा उठून खाली पार्किंग बघून येते तेव्हा कुठे बरं वाटतं. चिखल आणि डिझेल असा मिसळलेला वास आला की हातपाय गार पडतात, मी परत माळ्यावरच असते. गणपतीला चिपळूणला जायचं म्हटलं की दरवर्षी काहीतरी कारण काढते. मुलीवर उगाच ओरडते. मिस्टर म्हणतात, अख्ख्या गावाचं वाहून गेलं, लोकांनी दुकानं परत उभी केली, आपल्या घरात तर कुणी गेलं पण नाही. आणि सासूबाई, ज्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, त्या एकदम ठणठणीत, पाहुणे आले की पुराची गोष्ट रंगवून सांगतात.

नेटवर वीस प्रश्नांची टेस्ट दिली, ४१ आले, पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मनाचा आजार) असू शकतो म्हणे. पण तो सैनिकांना होतो ना? अजून एक, लहानपणी वडील पिऊन येऊन आईला मारायचे आणि मी दारामागे उभी असायचे, तेही यात धरायचं का? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय, ती दीड वर्ष चालू आहे. की मीच उगाच बाऊ करतेय?
– एक वाचक, पुणे, वय ३६

उत्तर : ताई, सगळ्या पत्रात मी एका वाक्यापाशी थांबले. शेजारी वाचले हे तुम्हाला माहिती आहे आणि तरी हाका थांबल्याचं अजून ऐकू येतं. बातमी डोक्यात पोचली, पण त्या रात्री शरीरानं जे धरून ठेवलं त्यात ती गेलीच नाही. तिथे अजून अंधार आहे आणि पाणी चढतंय. वाईट आठवण आपल्या सगळ्यांकडे असते, ती आठवली की रडू येतं, राग येतो, पण ती ‘तेव्हाची’ असते. तुम्ही लिहिलंय ‘मी परत माळ्यावरच असते’. मी पेशंटशी बोलताना आधी हाच फरक शोधते, प्रसंग किती मोठा होता ते नंतर.

सैनिकांचं म्हणाल तर ते अगदीच चूक नाही. पीटीएसडी हे नाव अमेरिकन सायकियाट्रीच्या निदान-पुस्तकात १९८० मध्ये आलं आणि त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता, म्हणून तो युद्धाचा आजार म्हणून डोक्यात बसलाय. प्रत्यक्षात पूर, भूकंप, अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, सगळं त्यात येतं. जीव जाईल अशी वेळ स्वतःवर आली, किंवा दुसऱ्यावर आलेली समोर पाहिली, किंवा अगदी जवळच्या माणसाबद्दल तसं अचानक कळलं तरीही. घरात कुणी दगावलंच पाहिजे अशी अट कुठेही नाही. मिस्टरांना हे वाक्य वाचून दाखवा.

मग आम्ही काय बघतो? प्रसंग नको असताना परत परत घुसतो का, स्वप्नात किंवा जागेपणी. त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, वास तुम्ही टाळता का. स्वतःबद्दल, जगाबद्दल मन काळवंडलंय का, अपराधी वाटतं का, आनंद होईनासा झालाय का. आणि शरीर सतत पहाऱ्यावर आहे का, म्हणजे झोप उडणं, दचकणं, चिडचिड. हे महिन्याच्या वर टिकलं आणि घर, काम, नाती यांत आडवं यायला लागलं तर निदानाचा विचार होतो. पहिल्या महिन्यात झोप उडणं, दचकणं बहुतेकांना होतं, त्याला मी आजार म्हणणार नाही. तुमच्या पत्रात यातलं बरंच दिसतं, मन काळवंडण्याबद्दल मात्र तुम्ही फारसं लिहिलेलं नाही. पण पत्रावरून निदान करणारा डॉक्टर मला स्वतःलाच आवडणार नाही, म्हणून इतकंच म्हणते की दाखवायला जाण्याएवढं हे नक्की आहे.

त्या टेस्टचं. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८०, आणि साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की नीट तपासून घ्या असं सांगतात. तीच दिली असेल तर ४१ चा अर्थही तेवढाच, तपासून घ्या. ती एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून भरायची असते. तुम्ही काही उत्तरं पुराची आणि काही बाबांची दिली असतील (बरेच जण देतात) तर आकडा गडबडतो.

आता सासूबाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात साधारण ७० टक्के लोकांवर आयुष्यात कधीतरी असा जीवघेणा किंवा हादरवणारा प्रसंग येतो, आणि त्यातून पीटीएसडी होतो तो ५.६ टक्क्यांना. म्हणजे सासूबाई बहुसंख्यांत आहेत, त्यात त्यांची बहादुरी नाही आणि तुमचा कमकुवतपणाही नाही. मी लातूरची. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शाळेत होते. आमच्या गल्लीत सगळेच काही दिवस अंगणात झोपले, मग एकेक जण आत गेला, पण एक काकू कितीतरी महिने बाहेरच, थंडीतसुद्धा. आम्ही पोरं हसायचो त्यांना. आता वाईट वाटतं.

कुणाला होतं आणि कुणाला नाही याची कारणं पुष्कळ, पण आधी बसलेले धक्के हे त्यातलं एक मोठं. त्यामुळे दारामागे उभी राहिलेली ती मुलगी इथे धरायचीच. आईला मार बसताना पाहणं हा मुलासाठी स्वतंत्र आघात आहे, आणि तो वर्षानुवर्षं चालला असेल तर त्याचा ठसा वेगळा पडतो, माणसांवर विश्वास बसत नाही, आपणच वाईट असं वाटत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत यासाठी ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ असं वेगळं नाव आहे. तुम्हाला हा की तो हे घरी बसून ठरवू नका, फक्त डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा. पुराबद्दल लोक बोलतात, बाबांबद्दल गप्प बसतात.

थोडं बाजूचं, कारण या महिन्यात अशी बरीच पत्रं आलीत. बॉस ओरडला, ब्रेकअप झालं, सासरी अपमान झाला, मग ‘मला पीटीएसडी झालाय’. दुखलेलं खरं असतं, मदत त्यालाही हवी, पण ते नैराश्य असू शकतं, एन्झायटी असू शकते, साधं दुःख असू शकतं आणि प्रत्येकाची ट्रीटमेंट वेगळी. इन्स्टावरच्या रील्सनी ‘ट्रॉमा’ हा शब्द इतका स्वस्त केलाय की खरोखर त्रास असलेली तुमच्यासारखी बाई ‘मी बाऊ करतेय का’ म्हणत दोन पावसाळे घालवते, याचा मला मनापासून राग येतो.

पार्किंगबद्दल बोलायलाच हवं. खाली जाऊन आल्यावर बरं वाटतं ना, तीच गोम आहे. मेंदू म्हणतो बघून आलो म्हणून वाचलो, आणि पुढच्या पावसात परत पाठवतो. गणपतीला न जाण्याचंही तेच. पण उद्यापासून जिद्दीनं बंद करा असं मी म्हणत नाही, एकटीनं तर नकोच. हेच काम ट्रॉमावरच्या सीबीटीत (विचार आणि वागणं यांवर काम करणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) हळूहळू, पायरीपायरीनं करतात, प्रसंग सुरक्षित जागी परत सांगून घेतात, त्याला शेवट मिळेपर्यंत. सासूबाई पाहुण्यांना रंगवून सांगतात तेव्हा बहुतेक त्यांचं हेच आपोआप होतं, त्यांच्या गोष्टीत शेवटी होडी येते. दुसरी पद्धत ईएमडीआर, त्यात आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल करवतात, ऐकायला विचित्र वाटतं पण तिला अभ्यासांचा चांगला आधार आहे. एका प्रसंगाचा त्रास असेल तर साधारण आठ ते बारा सेशन, लहानपणचंही असेल तर जास्त. आधी सरळ विचारा, तुम्ही ट्रॉमावर काम केलंय का आणि कुठल्या पद्धतीनं. ‘सगळं विसरून जा, पॉझिटिव्ह राहा’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाही. झोपेच्या बऱ्याच गोळ्या बेन्झोडायझेपीन गटातल्या असतात, पीटीएसडीला त्यांचा उपयोग होत नाही आणि सवय लागते. पण मनानं एकदम बंद करू नका, त्यानं झोप आणखी बिघडते, कधी फिटही येते. सायकियाट्रिस्टला दाखवून डोस उतरवत न्या. गरज पडली तर सर्ट्रालीनसारखं (नैराश्यावरही देतात ते) औषध ते देतील.

कुणाकडे जायचं सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं झाल्याचे विचार आले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच लावा, किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, मिस्टरांना घेऊन.

आणि पहिल्या भेटीत कुठून सुरुवात करायची कळलं नाही, तोंडातून शब्दच फुटला नाही, तर हे पत्र प्रिंट काढून न्या आणि टेबलावर ठेवा. छान लिहिलंय तुम्ही, काही गाळू नका.