सिंगापूरमध्ये चिनी, मलय आणि तमिळ लोकांचं इंग्रजी वेगवेगळं ऐकू येतं का?

तुमचा प्रश्न असा, की सगळे एकाच शाळेत इंग्रजीतून शिकले तर उच्चारात फरक राहीलच कसा? मी बारा वर्षं इथे राहतोय. पहिली दोन वर्षं मलाही सगळ्यांचं इंग्रजी एकच वाटायचं.

बरंचसं एक आहेही. प्रत्येक अक्षरावर सारखा जोर, 'फास्ट'चा शेवटचा 'ट' गायब, 'थ्री'चं 'ट्री', आणि वाक्याच्या शेपटाला 'ला'. हे तिन्ही समाजांत ऐकू येतं. १९८७ पासून शाळांचं माध्यम इंग्रजीच आहे. २०२० च्या जनगणनेत ४८.३ टक्के रहिवाशांनी घरातही मुख्यतः इंग्रजी बोलतो, असं सांगितलं. त्यामुळे 'मातृभाषेचा परिणाम' एवढं म्हणून इथे भागत नाही.

माझ्या ऑफिसातला एक तमिळ मित्र घेऊ. घरी बायकोशीसुद्धा इंग्रजीच बोलतो. हॉकर सेंटरवर (स्वस्त खाण्याच्या स्टॉलांची जागा) चिनी काकांकडे 'कोपी ओ कोसोंग' मागतो (कोरी, बिनसाखरेची कॉफी, 'ओ' होक्कियन या चिनी बोलीतला, 'कोसोंग' मलय) आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलतो, तेव्हा पाठमोरा ऐकला तर चिनीच वाटेल. एकदा तेवढ्यात त्याच्या मामांचा फोन आला. बोलणं इंग्रजीतच, पण 'ट' आणि 'ड' एकदम टाळूला जाऊन आपटायला लागले. नंतर मी चिडवलं तर म्हणाला, "मामांशी तसं बोललो असतो तर म्हणाले असते, हा आता चिनी झाला!"

माझ्या मते खरी गोम इथे आहे. आपण कुणाचे, हे माणूस उच्चारातून दाखवतो, आणि समोर कोण आहे ते बघून कमी-जास्त करतो. सगळेच ठरवून करत नाहीत म्हणा. मलय शेजारीण मात्र सांगते की तिला जमतच नाही, तोंड उघडलं की लोक ओळखतात.

सरकारही हा शिक्का पुसू देत नाही. ओळखपत्राच्या नोंदीत वंश असतो आणि शाळेतला 'मातृभाषा' विषय साधारण त्यावरून ठरतो. भारतीयांना तमिळ किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी नाही! म्हणून माझ्या मुलीची कागदोपत्री मातृभाषा हिंदी. तिचं इंग्रजी वर्गातल्या चिनी मैत्रिणींसारखं आहे. माझी नक्कल करताना मात्र 'व्हेरी व्हेरी गुड'मधला 'व्ह' असा घुमवते, की आजोबा फोनवर खूश होतात.